'तरती गोदी' आणि आमचे कोरडे कोशकार

'फ्लोटिंग डॉक' या दोन इंग्रजी शब्दांस मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न ज्यांस क्षुल्लक वाटत असेल त्यांच्याशीच आमचे भांडण आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. आमच्या वर्तमानपत्रांत, शालेय पुस्तकांत आणि कचेरीच्या कागदांत या एका वस्तूस कोणी 'तरंगते बंदर' म्हणतो, कोणी 'तरंगता धक्का' म्हणतो, कोणी 'प्लवमान नौकाश्रय' असा घडीव शब्द योजून आपल्या संस्कृतज्ञतेची साक्ष पटवितो. आणि ज्यास यांपैकी कोणताच खटाटोप नको असतो तो 'फ्लोटिंग डॉक' हेच शब्द देवनागरीत उतरून मोकळा होतो. वाचकही मोकळाच राहतो, म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. डहाणूपासून तेरेखोलपर्यंत जिच्या अंगणात समुद्र येऊन आपटतो, आणि आरमारावर स्वतंत्र प्रकरण खर्ची घालणारे 'आज्ञापत्र' जिच्यात अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहिले गेले, त्या भाषेच्या सुशिक्षितांची ही दशा व्हावी याचे आम्हांस नवल वाटत नाही. खेद मात्र वाटतो. नवल न वाटण्याचे कारण असे की, आमचे बहुतेक ग्रंथकर्ते घाटावर राहतात, आणि समुद्र त्यांनी पाहिला असेल तर तो चौपाटीवरून.

बंदर, धक्का आणि गोदी हे तीन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत, येथून सुरुवात करावी लागते हीच मुळी लाजेची गोष्ट आहे. बंदर म्हणजे जेथे गलबतास वाऱ्यालाटांपासून आसरा मिळतो आणि माल व माणसे यांची चढउतार होते ती जागा. ती बव्हंशी निसर्गाने दिलेली असते. एखाद्या खाडीचे मुख, एखाद्या बेटाची आड. धक्का म्हणजे माणसाने बांधलेला असा काठ, की ज्यास गलबत अंग लावून उभे राहते. आणि गोदी म्हणजे पाण्याची खोली. तिला भिंती असतात, दार असते, आणि आतले पाणी बाहेरच्या पाण्याच्या मर्जीवर सोडलेले नसते. ज्याने पूर्वी कोकणबोटीचा प्रवास केला त्यास हा भेद कोशात पाहावा लागत नसे. कितीएक गावी बोट दूर पाण्यात नांगर टाकून उभी राही, उतारूंनी बोचकी सावरीत पडावात उतरावे, आणि पडाव वाळूला टेकला म्हणजे गुडघाभर पाण्यातून अथवा कोणा खलाशाच्या पाठीवरून किनारा गाठावा, असा क्रम असे. तेथे बंदर होते, पण धक्का नव्हता. मुंबईस भाऊच्या धक्क्याला बोट लागे, तेथे धक्का होता, पण गोदी नव्हती. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांस लोक भाऊ म्हणत, त्यांनी बांधलेल्या या धक्क्यास इंग्रजांनी 'फेरी व्हार्फ' असे नाव दिले. म्हणजे परक्यांनीसुद्धा धक्क्याचे भाषांतर 'डॉक' असे केले नाही. ते पाप आमच्या लोकांनी उलट्या बाजूने केले, आणि 'डॉक' दिसला की 'धक्का' लिहू लागले.

यावर कोणी मुंबईकर आम्हांस मशीद बंदराचा दाखला देईल. मशीद बंदर, कर्नाक बंदर ही धक्क्यांचीच नावे होती, मग बंदर आणि धक्का यांत अंतर ते काय राहिले? दाखला खरा आहे. मुंबईच्या व्यवहारात बंदर हा शब्द धक्क्यास लावीत, आणि इंग्रजांनी तो आपल्या बोलीत तसाच उचलला. परंतु गावाचे वा आळीचे नाव ही एक गोष्ट आणि जातिवाचक शब्द ही दुसरी. पुण्यात शनिवार नावाच्या पेठेत मनुष्य सातही दिवस राहतो, म्हणून शनिवारचा अर्थ आठवडा असा करावयाचा की काय?

गोदीतही पुन्हा दोन जाती आहेत, आणि येथेच आमच्या भाषांतरकारांचा पाय घसरतो. ओल्या गोदीत पाणी कोंडून ठेवावयाचे असते. सुक्या गोदीत ते काढून टाकावयाचे असते. मुंबईच्या समुद्राचे पाणी मोठ्या उधाणास पंधरा फुटांच्या आसपास चढते आणि उतरते; भांगाच्या दिवसांत त्याहून पुष्कळ कमी. उघड्या धक्क्याला लागलेले जड जहाज सुकतीबरोबर खाली खाली जावे, प्रसंगी चिखलात टेकावे, आणि माल उतरविणाऱ्यांनी दर घटकेस आपली शिडी अन् यारी नव्याने लावावी, हा त्रास चुकविण्यासाठी ओली गोदी असते. भरतीच्या माथ्यावर दार उघडावे, जहाज आत घ्यावे, दार लावावे; मग बाहेर सुकती लागो की काही होवो, आतले पाणी आहे तेथेच. मुंबईच्या प्रिन्सेस (१८८०) व व्हिक्टोरिया (१८८८) या गोद्या या जातीच्या होत्या. त्या आज पूर्वीच्या रूपात राहिल्या नाहीत. १९१४ साली खुली झालेली अलेक्झांड्रा गोदी आज इंदिरा गोदी या नावाने नांदत आहे.

सुकी गोदी हा याच्या नेमका उलटा प्रकार. जहाजाचा तळ हा त्याचा नेहमी झाकलेला आणि म्हणूनच नेहमी कुजणारा भाग. त्यावर शेवाळ चढते, कालवे बसतात, लाकूड असेल तर किडा लागतो, लोखंड असेल तर गंज. तो पाहावयाचा तर जहाज पाण्याबाहेर आले पाहिजे. लहान होडी माणसे ओढून वाळूवर घेतात, आणि कोकणात पावसाळ्यापूर्वी ती शाकारूनही ठेवतात. मोठे जहाज कोण ओढणार? म्हणून जहाज पाण्यातून बाहेर काढण्याऐवजी जहाजाखालून पाणीच काढून घ्यावयाचे, ही युक्ती. विजयदुर्गाच्या खाडीत गिर्ये येथे मराठी आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. ती आमच्यापैकी किती पदवीधरांनी पाहिली असेल, हा हिशेब आम्ही मांडीत नाही. मुंबईत सुरतेहून १७३६ च्या सुमारास आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १७५० साली सुकी गोदी उभी राहिली. पुढे याच घराण्याच्या हातून मलबारी सागवानाची मोठमोठी जहाजे मुंबईच्या गोदीत घडली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून तरंगत आहे. दोनशे वर्षांवर आयुष्य लाभलेल्या या मुंबईकर जहाजाची माहिती इंग्लंडातील शाळकरी मुलांस तिकीट काढून मिळते. आमच्या मुलांस ती फुकटही मिळत नाही.

आता मूळ वस्तूकडे वळू. सुकी गोदी जमिनीत खोदावयाची, तर जमीन तशी पाहिजे. खडक पक्का पाहिजे, त्यातून पाणी झिरपता कामा नये. ॲटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटाचा दगड चुनखडीचा आणि सच्छिद्र. तेथे खड्डा काढला तर समुद्र भिंतीतूनच आत येतो. म्हणून इंग्रजांनी आपल्या आरमारासाठी गोदीच घडविली ती लोखंडाची, घडविली ती टेम्स नदीच्या काठी, आणि १८६९ साली ती समुद्रावरून ओढीत बर्म्युडास नेली. ज्या जहाजांनी ती ओढली त्यांत 'वॉरियर' आणि 'ब्लॅक प्रिन्स' ही त्या काळची नामांकित चिलखती जहाजे होती. अमेरिकनांनी हाच प्रकार १९०५-०६ साली केला. मेरीलंडमधून निघालेली त्यांची 'ड्यूई' नावाची गोदी सुएझ कालव्यातून, हिंदी महासागर ओलांडून फिलिपाईन्समधील ओलोंगापो येथे पोचली, तेव्हा सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. गोदीने समुद्रपर्यटन करावे, ही कल्पना ज्या भाषेत मांडावयाची तीत गोदीस धक्का म्हणून कसे चालेल? धक्का कधी प्रवासास निघत नाही.

ही वस्तू चालते कशी, हे सांगितल्यावाचून तिच्या नावाचा निवाडा व्हावयाचा नाही. समोरून पाहिले तर तिचा आकार उभ्या बाजूंच्या पन्हाळीसारखा दिसतो. खाली रुंद पोकळ तळ, दोन्ही बाजूंस उंच पोकळ भिंती, आणि पुढचा व मागचा भाग उघडा. तळ आणि भिंती यांत आडभिंती घालून पुष्कळ टाक्या केलेल्या असतात. टाक्यांत समुद्राचे पाणी सोडले की गोदी खाली बसू लागते; तळ कित्येक वाव पाण्याखाली जातो, भिंतींचे माथे तेवढे वर राहतात. मग जहाज दोन भिंतींच्या मधल्या पाण्यात आणून दोरखंडांनी नेमके मध्यावर धरावयाचे, आणि पंप लावून टाक्या उपसावयाच्या. गोदी हळूहळू उठते. तळावर मांडून ठेवलेले ठोकळे जहाजाच्या पठाणाला, म्हणजे तळाच्या त्या लांबलचक मुख्य लाकडाला अथवा पत्र्याला, जाऊन भिडतात. आणि काही वेळाने समुद्राच्या ऐन मध्यावर एक जहाज कोरड्या जमिनीवर बसलेले दिसते. जेवढे पाणी उपसले तेवढे वजन हलके झाले, आणि तेवढ्याच वजनाचे जहाज उचलले गेले. यात आर्किमिडीजच्या पलीकडचे काही नाही. अवघड आहे ते प्रमाण. कोणत्या टाकीतून किती पाणी, कोणत्या क्रमाने काढावयाचे, हे जहाजाचा भार कोठे किती आहे त्यावर ठरते. क्रम चुकला की गोदी वाकते. शिवाय गोदीलाही तळ असतो, आणि तोही कुजतो. बर्म्युडाची गोदी तिचा तळ साफ करता यावा म्हणून कलती करता येईल अशीच बांधली होती, कारण गोदीसाठी गोदी कोठून आणावयाची?

वाचकांच्या ध्यानात आले असेल की, या साऱ्या वर्णनात 'तरंगणे' हा वस्तूचा मुख्य गुण नव्हेच. तरंगते तर ओंडकेही. हिचा गुण असा की, ती आपण होऊन बुडते, आपण होऊन उठते, आणि उठताना जहाजास कोरडे करते. म्हणजे ती सुकी गोदीच आहे. केवळ जमिनीऐवजी पाण्यावर. 'तरंगते बंदर' या शब्दात यातले काय आले? बंदर नव्हे, आणि सुकेपणाचा तर मागमूसही नाही.

येथे आम्ही इंग्रजीची वकिली करीत आहो असे कोणी समजू नये. या बाबतीत इंग्रजी भाषाच गलथान आहे. तिच्या 'फ्लोटिंग डॉक' या एका जोडशब्दात तीन वस्तू कोंबलेल्या आहेत. एक वर सांगितली ती. दुसरी म्हणजे ज्या गोदीत जहाज सदा तरते राहते ती, अर्थात आमची ओली गोदी. ब्रिस्टलला १८०९ साली नदीचे पाणी दारे घालून अडविले, त्या साऱ्या जलाशयास तेथील लोक अद्याप 'तरते बंदर' याच अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि तेथे तरतात ती जहाजे, बंदर नव्हे! तिसरी अमेरिकेत सरोवरांच्या काठी घरोघर दिसते ती. तराफ्यावर फळ्या ठोकून केलेली होडीला लागण्याची जागा, जी पाण्याबरोबर वर-खाली होते. लिव्हरपूलला मर्सी नदीवर एकोणिसाव्या शतकात याच तत्त्वावर प्रचंड तरता धक्का बांधला होता, कारण तेथील भरती-ओहोटीचे अंतर मुंबईच्या दुप्पट. आमच्या मांडवी नदीवर पणजी आणि जुने गोवे येथेही २०२० साली अशा तऱ्हेचे धक्के आले. इंग्रजास या तीन वस्तूंत घोटाळा होत नाही, कारण त्या त्याने पाहिलेल्या आहेत. संदर्भ त्यास सांभाळून घेतो. आम्ही वस्तू न पाहता शब्द तेवढा उचलतो, आणि त्याच्या घोटाळ्यावर आपला घोटाळा रचतो.

आणि मौज पाहा! या तिन्ही वस्तूंस मराठीत तीन निरनिराळी नावे आधीच तयार आहेत. पहिली तरती सुकी गोदी. दुसरी ओली गोदी. तिसरी तरता धक्का. यांतला एकही शब्द नवा नाही, एकासही कोश उघडावा लागत नाही, आणि इंग्रजीहून हे नामकरण अधिक चोख आहे. एवढी पुंजी घरात असता आम्ही शेजाऱ्याच्या दारी उसनवारीस जातो, आणि तेथूनही फाटकी चिंधी घेऊन येतो.

असे का होते? आमच्या मते याचे उत्तरदायित्व दोन पंथांकडे जाते, आणि ते दोन्ही पंथ परस्परांचे वैरी म्हणून मिरवतात. पहिला पंथ शब्दांच्या टांकसाळीचा. यांच्या लेखी 'गोदी' हा शब्द खलाशांचा, म्हणून हलका; 'डोलकाठी' बाजारी; 'सुकाणू' तर अरबी-फारशीच्या वाटेने आलेला, म्हणून बाटगा. मग नौकाश्रय, नौतल, कर्णयंत्र अशी पाषाणे घडवून ती मराठीच्या गळ्यात बांधली जातात. आम्ही संस्कृतचे द्वेष्टे नाही. जेथे वस्तू नवी आणि शब्द नाही, तेथे संस्कृतच्या कोठारात हात घालावा, त्यात लाज नाही. परंतु जेथे शब्द जिवंत आहे, रोज हजारो माणसांच्या तोंडी आहे, आणि त्या शब्दावर त्यांचा जीव अवलंबून आहे, तेथे तो मारून त्याच्या जागी पुतळा बसविणे ही भाषेची सेवा नव्हे. वादळात तांडेलाने 'कर्णयंत्र फिरवा' अशी आज्ञा केली तर ती पुरी उच्चारून होण्यापूर्वी होडी आडवी होईल.

दुसरा पंथ म्हणतो, डॉक म्हणजे डॉक. उगाच भाषांतराची हौस कशाला? ससून डॉकवर मासळी घेणारी कोळीण 'डॉक'च म्हणते ना? म्हणते, आणि तो शब्द तिच्यापुरता मराठी झालाच आहे. तो काढून टाका असे आम्ही म्हणणार नाही. तिने 'डॉक' हा शब्द एका ठिकाणास लावला, आणि ते ठिकाण ती ओळखते. परंतु जो लेखक ड्राय डॉक, वेट डॉक, फ्लोटिंग डॉक, डॉकयार्ड हे सारे शब्द एका वाक्यात एका सुरात ओवतो आणि पुढे वाचकास काही समजले की नाही याची विचारपूस करीत नाही, त्यास कोळणीच्या पदराआड लपण्याचा अधिकार नाही. या पंथाची एक फजिती अलीकडेच झाली. १६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोने अवकाशात दोन उपग्रह एकमेकांस जोडले, तेव्हा सर्वत्र 'डॉकिंग' हा शब्द गाजला. आमच्या ओळखीच्या एका चौकस मुलाने विचारले की, अवकाशात गोदी कशी? त्याच्या घरी उत्तर कोणापाशी नव्हते. 'जोडणी' एवढा शब्द घातला असता तर प्रश्नच उद्भवता ना. आणि एखाद्या घाईच्या भाषांतरकाराने न्यायालयातील आरोपीच्या पिंजऱ्यासही गोदी म्हटले तर आम्ही आश्चर्य करणार नाही. इंग्रजीत तोही 'डॉक'च आहे.

शब्दांच्या या हेळसांडीने कोणाचे काय बिघडते, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन-तीन घटना सांगतो. ३० ऑक्टोबर २०१८ च्या रात्री रशियात मुर्मान्स्कजवळ 'पीडी-५०' नावाची अजस्र तरती सुकी गोदी बुडाली. तिची लांबी ३३० मीटर. तिच्यात 'ॲडमिरल कुझनेत्सोव्ह' हे विमानवाहू जहाज दुरुस्तीस होते. वीज गेली, पंप थांबले, आणि टाक्यांत पाणी भरून गोदी जहाजाखालून खाली गेली. जाताना तिच्यावरील यारी जहाजाच्या अंगावर कोसळली. ही हकीकत 'तरंगते बंदर बुडाले' अशा शब्दांत जो वाचील, तो भूकंपाची वा महापुराची कल्पना करील. पंप थांबण्याचा आणि बुडण्याचा संबंध त्यास कळणार नाही, कारण ती वस्तू मुळात पाणी भरून बुडविण्यासाठीच केलेली असते हे नावाने त्यास सांगितलेच नाही. दुसरी घटना ८ ऑगस्ट १९४४ ची. लंकेतील त्रिंकोमाली येथे 'व्हॅलिएंट' ही ब्रिटिश युद्धनौका दारूगोळ्यासह अशाच गोदीत घेतली होती. टाक्या उपसण्याचा क्रम जहाजाच्या भाराशी जुळला नाही. गोदी वाकून मोडली आणि बुडाली, युद्धनौकेचे पंखे आणि सुकाणू जायबंदी झाले. येथे 'धक्का मोडला' असे लिहिणे म्हणजे विहीर खचली असता पाटा फुटला असे सांगण्यासारखे आहे.

तिसरी घटना आमच्या घरची. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटून फुटले. त्यावर कापूस आणि सुमारे १४०० टन स्फोटक द्रव्ये एकत्र भरलेली होती. जुनी माणसे त्यास अजून 'गोदीचा स्फोट' म्हणतात, आणि अगदी बरोबर म्हणतात. अलीकडे काही ठिकाणी 'बंदरातील स्फोट' असा शब्द दिसू लागला आहे. फरक केवढा आहे पाहा. मोकळ्या बंदरात दूर नांगरलेले जहाज पेटले तर ते बहुधा एकटे पेटते. व्हिक्टोरिया गोदीच्या भिंतीशी, शेजारी दुसरी जहाजे आणि पाठीशी गुदामे घेऊन उभे असलेले जहाज पेटते, तेव्हा ते शहरास सोबत घेऊन पेटते. त्या दिवशी शेकडो माणसे का मेली, याचे अर्धे उत्तर 'गोदी' या एका शब्दात आहे. तो शब्द पुसला की उत्तरही पुसले जाते, आणि मागे राहतो तो केवळ दैवाचा कोप.

परंतु आमचा खरा राग याहून दुसऱ्या ठिकाणी आहे. मालवणच्या, हर्णैच्या, वरसोव्याच्या ज्या मुलाच्या घरी आजोबा वाऱ्याची 'मतलई' ओळखतात, दोरीला लावलेल्या शिशाने 'वाव' मोजतात, 'परभाण' आणि 'पठाण' यांची नावे घेतात, तो मुलगा शाळेत जातो आणि तेथे त्यास शिकविले जाते की शुद्ध मराठीत यास दुसरेच काही म्हणतात. त्याच्या घरच्या शंभर शब्दांपैकी एकही पुस्तकात नाही. त्याने काय समजावे? हेच, की आपल्या बापाची भाषा ही भाषा नव्हे, आणि आपल्या बापाची विद्या ही विद्या नव्हे. पुढे तोच मुलगा जहाजावर नोकरीस जातो, परीक्षा इंग्रजीत देतो, आणि मराठी हा शब्द त्याच्या लेखी सणावारापुरता उरतो. आम्ही मध्यम वर्गातील वाचक मराठीच्या भवितव्याची चर्चा दिवाणखान्यात बसून करतो. तिचे एक दालन डोळ्यांदेखत रिकामे होत आहे, याची वार्ता तेथपर्यंत पोचत नाही.

परक्यांचे पाहा. १८११ साली टॉमस रोबक नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने कलकत्त्यात खलाशांच्या बोलीचा इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश छापला. त्याचा हेतू साहित्यसेवेचा नव्हता, जहाजावर हुकूम देणाराचे आणि घेणाराचे एकमेकांस कळावे एवढाच होता. म्हणून त्याने शब्द घडविले नाहीत. खलाशी काय म्हणतात ते विचारून उतरून घेतले. मोल्सवर्थनेही आपल्या कोशात समुद्रावरचे मराठी शब्द आवर्जून घेतले, आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्यानंतर आमच्या लोकांनी या पेवात भर किती घातली, आणि त्यातले धान्य किती सडू दिले?

आता नावाचा निवाडा करून टाकू. 'तरंगती गोदी' की 'तरती गोदी', असा वाद काही जण घालतात, आणि तो निरर्थक नव्हे. तरंगणे हे काडीकचऱ्याचे काम. त्यात वर राहण्यापलीकडे कर्तृत्व नाही. तरणे यात बुडण्याच्या भयातून वर येणे आहे. 'तरला' म्हणजे वाचला. जुन्या मराठीत जहाजास तरांडे म्हणत, तेही याच धातूच्या गोतातले. जी वस्तू खाली जाऊन दुसऱ्यास घेऊन वर येते, तीस 'तरती' हेच विशेषण शोभते. परंतु त्याहून महत्त्वाचा शब्द 'सुकी' हा आहे, आणि तो गाळता कामा नये. आपल्या आरमाराकडेही अशा गोद्या आहेत. त्यांपैकी एक चेन्नईजवळ कट्टुपल्ली येथे बांधून २०१५ साली पाण्यात सोडली, लांबी १८५ मीटर, रुंदी ४० मीटर, आणि ८००० टनांपर्यंतचे जहाज ती उचलते. तिची बातमी मराठीत द्यावयाची तर 'तरती सुकी गोदी' असे लिहावे. तीन शब्द लागतील, कागदास भार होणार नाही. होडीला लागण्याच्या तराफ्यास 'तरता धक्का' म्हणावे. दारे लावून पाणी अडविलेल्या जागेस 'ओली गोदी' म्हणावे. जहाजे बांधण्याच्या साऱ्या आवारास 'गोदीवाडा' हा शब्द चालत आलेला आहे. 'माझगाव डॉक' हे एका कारखान्याचे नाव म्हणून राहू द्यावे, त्यावरून कोणी गोदी म्हणजे कारखाना असा अर्थ काढू नये म्हणजे झाले.

राहता राहिले बाकीचे शेकडो शब्द. ते गोळा करावयाचे तर समित्या नेमून भागणार नाही, आणि मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात तर ते सापडणारच नाहीत. ज्यास ही कळकळ असेल त्याने पावसाळ्यात वेंगुर्ले, मालवण, हर्णै, अलिबाग अशा गावी जाऊन महिनाभर राहावे. त्या दिवसांत होड्या वाळूवर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी ओटीवर पसरून दुरुस्त करण्याचे काम चाललेले असते, आणि बोलावयास माणसांपाशी वेळ असतो. होडीचा एकेक अवयव बोटाने दाखवून विचारावे, आणि सांगतील ते तसेच लिहून घ्यावे. मात्र जावयाचे तर नारळी पौर्णिमेच्या आत जावे. त्यानंतर तांडेल घरी सापडत नाही.